बागेतल्या तळ्यासाठी दोन ड्रमचा फिल्टर: आधी काय, नंतर काय

"जरा येऊन बघ ना, मासे वर येऊन तोंड उघडमीट करतायत." नेरूळ, खारघर, घोडबंदर रोड, ठाणे-नवी मुंबईत जिथे जिथे असं बोलावणं आलं तिथे जाऊन पाहिलं, तर ड्रम चांगला होता, पंप महागाचा होता, मीडियाही (जिवाणू वाढावेत म्हणून फिल्टरमध्ये भरायचा माल) पोतंभर ओतलेला होता. चुकला होता तो कामाचा क्रम. कुणी मासे आधी सोडले आणि फिल्टर नंतर बांधला. कुणी मीडिया भरल्यावर गळती शोधत बसलं. आणि बहुतेकांनी दर रविवारी सगळा फिल्टर नळाखाली घासूनपुसून लख्ख केला.

ही शेवटची चूक मीही केली आहे. पहिल्या वर्षी स्पंजमधून काळपट तपकिरी पाणी निघालं, म्हणून अंगणातल्या नळाला होज लावून तो पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला. तिसऱ्या दिवशी सकाळी तीन गोल्डफिश कुशीवर तरंगत होते. पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ होतं.

फिल्टरमध्ये दोन कामं चालतात. एक गाळण्याचं, ते डोळ्यांना दिसतं. दुसरं काम मीडियावर वाढलेल्या जिवाणूंचं. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांमधून सुटणारा अमोनिया हे जिवाणू आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. पहिले दोन्ही पदार्थ माशांना मारक, तिसरा बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू म्हणजे घरातलं विरजण समजा. ते लागायला वेळ लागतो, लागलं की जपावं लागतं आणि भांडं घासताना सगळंच धुऊन टाकलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

खालची सगळी मापं ६ फूट लांब, ४ फूट रुंद, अडीच फूट खोल अशा तळ्यासाठी आहेत. रो हाउसच्या मागच्या अंगणात साधारण एवढंच बसतं.

## टप्पा १: आधी मोजा, मग दुकानात जा

लांबी, रुंदी, खोली फुटांत मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि २८.३ ने गुणा. ६ × ४ × २.५ म्हणजे ६० घनफूट, म्हणजे जवळपास १,७०० लिटर. तळं वाकडंतिकडं असेल तर पहिल्यांदा भरताना २० लिटरच्या बादल्या मोजा. कंटाळवाणं आहे, पण पुढे मीठ, सोडा, औषध सगळं याच आकड्यावर ठरतं.

हे सगळं पाणी पंपाने तासा-दीड तासात एकदा फिल्टरमधून फिरवायला हवं. म्हणजे आपल्याला ताशी १,२०० ते १,७०० लिटर प्रत्यक्ष प्रवाह लागेल. "प्रत्यक्ष" हा शब्द महत्त्वाचा. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. त्याच खोक्यावर 'एच-मॅक्स' लिहिलेलं असतं. त्या उंचीला पंप एक थेंबही वर चढवत नाही. आपल्या ड्रमचं तोंड तळ्यातल्या पाण्यापासून चार-साडेचार फूट वर येणार. त्यामुळे तीन मीटर एच-मॅक्सचा, खोक्यावर ताशी ३,००० लिटर लिहिलेला पंप इथे साधारण निम्मंच पाणी देईल, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे.

सावधान: कूलरचा पंप स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका. तो उन्हाळ्याचे दोन-तीन महिने, तेही थांबत थांबत चालवायला बनवलेला असतो. आपला पंप वर्षभर, रात्रंदिवस चालणार आहे. विजेचा हिशेबही आत्ताच करा. ४० वॅटचा पंप महिन्याला साधारण २९ युनिट घेतो.

माशांबद्दलही इथेच बोलतो, कारण फिल्टरचा आकार त्यांच्यावरच ठरतो. १,७०० लिटरमध्ये सहा-आठ गोल्डफिश किंवा हवे तेवढे गप्पी, मॉली सुखाने राहतात. कोई आणू नका. दुकानात बोटाएवढा असलेला कोई चांगल्या खाण्यावर दोन फुटांपर्यंत वाढतो, आणि त्याच्या घाणीला दोन ड्रम पुरत नाहीत. याबाबत माझ्याशी वाद घालणारे बरेच आहेत. त्यांच्या तळ्याचं पाणीही मी पाहिलं आहे.

## टप्पा २: सामान

तोंड पूर्ण उघडं असलेले, झाकण आणि लोखंडी रिंगवाले २०० लिटरचे दोन निळे ड्रम. वागळे इस्टेट, तुर्भे, रबाळे या भागांतल्या भंगारवाल्यांकडे ते मिळतात, आणि धोकाही तिथेच आहे. ड्रमवर आधीच्या मालाचं लेबल हवंच. सरबत, साखरेचा पाक, खाण्याचं तेल असं काही असेल तर घ्या. लेबल खरवडलेलं असेल, आत वास येत असेल, किंवा भंगारवाला "साबणाने धुतला की झालं" म्हणत असेल, तर परत फिरा. प्लास्टिक रसायन शोषून घेतं आणि महिनोन्‌महिने थोडं थोडं सोडत राहतं.

बाकीची यादी: दोन इंची टँक निपल (ड्रमच्या भोकात बसवून त्याला पाइप जोडायचा तुकडा) दोन, दीड इंची टँक निपल दोन, दीड इंची बॉल व्हॉल्व्ह दोन, दोन इंची पीव्हीसी पाइप आणि एल्बो, पंपाच्या तोंडाला बसेल असा एक इंची लवचीक पाइप, टेफ्लॉन टेप, पीव्हीसीचं सोल्युशन, एक जुनी प्लास्टिकची बादली आणि भाजीवाल्याकडचा एक क्रेट.

मीडिया. इथे लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. दुकानात बायो बॉल, सिरॅमिक रिंग, जपानी मॅट मिळतात. ऐपत असेल तर जरूर घ्या. नसेल तर भांडी घासायच्या गोल प्लास्टिकच्या घासण्या आणा, साबण न लावलेल्या, साध्या. त्यांना पृष्ठभाग भरपूर असतो, त्या तुंबत नाहीत आणि वजनाला हलक्या असतात. जुन्या कौलांचे किंवा चांगल्या भाजलेल्या विटांचे लिंबाएवढे तुकडेही चालतात. हे सगळं कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांमध्ये भरायचं, म्हणजे उचलायला सोपं जातं.

काय नको ते नीट लक्षात ठेवा. तारेची घासणी गंजते. नारळाचा काथ्या कुजतो. गादीच्या फोममध्ये कसली रसायनं असतील ते सांगता येत नाही. बांधकामाची बारीक खडी दोन महिन्यांत गाळाने गच्च होते, आणि ती काढायला दोन माणसं लागतात.

## टप्पा ३: जागा आणि बैठक

भरलेला एक ड्रम दोनशे किलोच्या वर जातो. दोन्ही मिळून चार क्विंटल. उघड्या मातीवर ठेवले तर पहिल्याच मोठ्या पावसात एक बाजू खचते, ड्रम कलतो आणि जोडातून पाणी ठिबकायला लागतं. माती ठोकून त्यावर खडीचा थर द्या, त्यावर कोबा करा किंवा जाड शहाबादी फरशी बसवा. गवंड्याकडची पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन चारही कोपरे तपासा.

ड्रम शक्यतो तळ्याला लागून आणि सावलीत ठेवा. एप्रिल-मेच्या दुपारी उन्हातला निळा ड्रम चहाच्या पातेल्यासारखा तापतो.

गच्चीवर तळं करायचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. १,७०० लिटर म्हणजे नुसत्या पाण्याचंच पावणेदोन टन वजन झालं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तोंडी दिलेली परवानगी स्लॅबला कळत नाही.

## टप्पा ४: भोकं पाडण्याआधी कोरडी जुळणी

पाण्याचा प्रवास आधी डोळ्यांसमोर आणा. तळ्यातला पंप पाणी पहिल्या ड्रममध्ये टाकतो. तिथे जड घाण तळाशी बसते. वरचं पाणी दोन इंची पाइपने दुसऱ्या ड्रमच्या तळाशी उतरतं, मीडियातून वर चढतं आणि वरून दोन इंची पाइपने तळ्यात परत पडतं. पंप एकच. पुढचं सगळं काम उतारावर होतं.

यावरून तीन नियम निघतात.

एक, परतीचा पाइप येणाऱ्या पाइपपेक्षा दुप्पट व्यासाचा हवा. पंप पाणी जोर लावून ढकलतो, परत मात्र ते आपल्या वजनाने जातं. दोन्हीकडे एक इंची पाइप लावला की ड्रम भरून वाहतो आणि सकाळी तळं अर्धं रिकामं सापडतं.

दोन, दुसऱ्या ड्रमचं बाहेर जायचं भोक पहिल्यापेक्षा दोन इंच खाली. पहिल्या ड्रमचं भोक काठापासून सहा इंच खाली घ्या, दुसऱ्याचं आठ इंच.

तीन, पंपाचा पाइप ड्रमच्या काठावरून आत सोडा, त्यासाठी ड्रमला भोक पाडू नका. एक भोक वाचतं, म्हणजे गळतीची एक जागा वाचते. आत आलेल्या पाइपला, पाण्याच्या पातळीच्या वर, तीन मिलिमीटरचं एक बारीक भोक पाडा. वीज गेली की या भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. ते नसेल तर ड्रममधलं घाण पाणी त्याच पाइपने उलटं तळ्यात उतरतं. चालू असताना या भोकातून पिचकारी उडते, ती ड्रमच्या आतच पडेल अशा बाजूला भोक घ्या.

आता ड्रम बैठकीवर ठेवा, पाइप नुसते टेकवून बघा, खडूने खुणा करा. एक रात्र तसंच राहू द्या आणि सकाळी पुन्हा बघा. खुणांमधली चूक जवळजवळ हमखास सकाळीच दिसते.

## टप्पा ५: भोकं, निपल आणि गळतीची परीक्षा

होल सॉ (ड्रिलला लावून गोल भोक पाडायची करवत) विकत घेताना पाइपचं नाव सांगू नका, टँक निपलच दुकानात घेऊन जा. 'दोन इंची' हे पाइपचं माप झालं, निपलच्या आट्यांचा बाहेरचा व्यास त्याहून मोठा असतो. भोक अर्धा सेंटिमीटर जरी मोठं झालं, तरी वायसर नीट बसत नाही. ड्रमच्या प्लास्टिकला एम-सील, सिलिकॉन, काहीही कायमचं चिकटत नाही. म्हणून भोक अचूक हवं. नंतर लिंपून काही उपयोग होत नाही.

भोकाच्या कडा कानशीने किंवा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. रबरी वायसर ड्रमच्या आतल्या बाजूला येऊ द्या. नट आधी हाताने आवळा आणि मग पान्याने जेमतेम पाव फेरा. जोर लावून आवळला की वायसर वेडावाकडा फाकतो आणि गळती वाढते.

तळाच्या दोन भोकांमध्ये दीड इंची निपल आणि बाहेर बॉल व्हॉल्व्ह. हे भोक बाजूला, तळापासून दोन इंचांवर येतं, त्यामुळे त्याखालचा गाळ निघत नाही. उपाय सोपा आहे. निपलच्या आतल्या बाजूला पाइपचा तुकडा आणि एल्बो लावून तोंड ड्रमच्या मध्यावर, तळापासून बोटभर उंचीवर आणा.

तपासा: मीडिया घालण्याआधी तळाचे व्हॉल्व्ह बंद करा, वरची भोकं बूच लावून दाबून बंद करा आणि दोन्ही ड्रम त्या भोकांच्या वरपर्यंत नुसत्या पाण्याने भरा. खडूने पातळीची रेघ मारा आणि २४ तास सोडा. पाणी रेघेवर राहिलं, बैठक खचली नाही, निपलखाली वर्तमानपत्राचा कागद कोरडा राहिला, तरच पुढे जा. ऐरोलीत माझ्या भावाने ही पायरी गाळली. मग सगळा मीडिया अंगणात उपसून, पावसात छत्री धरून वायसर बदलला. छत्री मी धरली होती.

सोल्युशन लावलेले जोड एक दिवस वाळू द्या आणि नंतर आतलं पहिलं पाणी फेकून द्या.

## टप्पा ६: आतली रचना

पहिला ड्रम रिकामाच ठेवायचा. फक्त जुन्या बादलीचा तळ कापून ती ड्रमच्या मधोमध टांगा. बादलीचा काठ पाण्याच्या पातळीच्या दोन इंच वर, बाकीची पाण्यात. पंपाचा पाइप या बादलीत उतरवा आणि टोकाला एल्बो लावून धार बाजूला वळवा. धार सरळ खाली सोडली तर बसलेला गाळ पुन्हा ढवळला जातो. बादलीमुळे पाण्याला आधी खाली जाऊन, बादलीच्या कडेखालून वळून, बाहेरच्या रुंद जागेत सावकाश वर यावं लागतं. या वळणावर जड घाण सुटते. ताशी १,४४० लिटर प्रवाह असेल तर २०० लिटरच्या ड्रममध्ये पाणी आठ मिनिटं थांबतं, आणि तेवढ्यात बरंच काही तळाशी जातं.

लोक या ड्रममध्येही मीडिया भरतात, "रिकामी जागा कशाला वाया घालवायची" म्हणून. घालवा. ती रिकामी जागाच काम करते.

दुसऱ्या ड्रममध्ये तळाशी क्रेट उलटा ठेवा, त्याखाली गाळाला जागा राहील. पहिल्या ड्रममधून येणारा पाइप या क्रेटखाली उतरू द्या. क्रेटवर जाड छिद्रांच्या फिल्टर स्पंजचा थर, कडेने फट न ठेवता. पाणी आळशी असतं, बोटभर फट दिसली तरी सगळं तिथूनच जातं. त्यावर मीडियाच्या पिशव्या. पिशव्या ठासून भरू नका, हात घातला तर आत जाईल इतक्या सैल असू द्या. मीडियाखाली एअर पंपाचा दगड (हवेचे बुडबुडे सोडणारा) सोडलात तर उत्तमच. ३० अंश तापलेल्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि त्यावर मासे आणि जिवाणू दोघेही जगतात.

एक लहान पिशवी तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, टरफलांची. घरी तिसऱ्या झाल्या की टरफलं उकळून, घासून, वाळवून ठेवा. हे का, ते पावसाळ्याच्या भागात येईल.

दोन्ही ड्रमना झाकण, आणि झाकणाला हवेसाठी भोकं पाडली असतील तर त्यावर मच्छरदाणीचं कापड. पावसाळ्यात पालिकेचे लोक डासांच्या अळ्या शोधत फिरतात आणि उघडा ड्रम दिसला की तिथेच थांबतात. ते बरोबरच आहे. फवारणी किंवा धुरळणी होणार असेल तेव्हा मात्र तळ्यावर प्लास्टिक टाका, एअर पंप तेवढा वेळ बंद ठेवा, आणि पाण्यात डासांचं औषध टाकू देऊ नका. डासांवर मारतात ती पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं माशांना अत्यंत विषारी आहेत. तळ्यात गप्पी असतील तर अळ्यांची काळजी ते घेतात.

## टप्पा ७: पंप आणि वीज

पंप तळ्याच्या तळाशी टेकवू नका, एका आडव्या विटेवर ठेवा. कुठे पाइप निसटला तरी पंप उघडा पडेल आणि विटेएवढं पाणी माशांना उरेल. पंपाभोवती जाळीची पिशवी बांधा, नाहीतर गप्पीची पिल्लं थेट फिल्टरमध्ये जातात. (माझ्या दुसऱ्या ड्रममध्ये एकदा सतरा सापडली होती, सगळी जिवंत आणि तळ्यातल्यांपेक्षा गुटगुटीत.)

वीज इलेक्ट्रिशियनकडूनच घ्या. या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि चालू स्थितीतलं अर्थिंग या दोन गोष्टींवर तडजोड नको. प्लग पावसापासून झाकलेल्या पेटीत, जमिनीपासून वर. वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळीच्या तळाशी गळून पडेल, प्लगात शिरणार नाही. एक्स्टेन्शन बोर्ड दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. ती पाण्याजवळ जीव घेते. आणि पाण्यात हात घालण्याआधी पंप बंद, दर वेळी.

तपासा: पंप चालू करा. परतीच्या पाइपखाली २० लिटरची बादली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. ५० सेकंदांत भरली तर ताशी १,४४० लिटर. हा आकडा झाकणावर मार्करने लिहून ठेवा. पुढे कधी ७५ सेकंद लागले तर काहीतरी तुंबलं आहे हे मासे सांगायच्या आधी बादली सांगेल.

## टप्पा ८: विरजण लागेपर्यंत थांबा

हीच पायरी लोकांना जमत नाही. फिल्टर सुरू झाला, पाणी खळाळतंय, मुलं मागे लागली आहेत, आणि संध्याकाळी मासे येतात.

आधी पाण्याचं. मोरबे धरणाचं असो की भातसा धरणाचं, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते जिवाणूंना मारण्यासाठीच असतं आणि ते आपले-परके असा भेद करत नाही. पाणी २४ तास हवेचा दगड लावून ठेवा किंवा दुकानातलं अँटी-क्लोरीन, म्हणजेच हायपो, पाकिटावरच्या मापाने घाला. तळं सिमेंटचं आणि नवं असेल तर चुना सुटतो. दोन-तीनदा भरून, चार-चार दिवस ठेवून, उपसून टाका आणि मगच हे पाणी भरा.

मग जिवाणूंना खाऊ. बाजारातून कोळंबी आणली की चार-पाच साली जुन्या मोज्यात बांधून तळ्यात टांगा. त्या कुजतात, अमोनिया सुटतो. वास येईल, शेजारी विचारतील. अमोनिया, नायट्राइट आणि पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचं माप) यांची थेंबवाली टेस्ट किट घ्या आणि दर तीन दिवसांनी तपासा. आधी अमोनिया चढतो. मग तो उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतो. शेवटी दोन्ही शून्यावर येतात. आपल्याकडच्या उष्ण पाण्यात याला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात.

घाई असेल तर ज्याचा फिल्टर वर्षभर चांगला चालला आहे अशा कुणाकडून मुठीएवढा स्पंज किंवा घासण्यांची एक पिशवी मागून आणा. ओली, तळ्याच्याच पाण्यात बुडवून, दोन-तीन तासांच्या आत. शब्दशः विरजण. मात्र त्याच्या तळ्यात आजारी मासे नाहीत ना, हे आधी विचारा.

मोजणी संध्याकाळी करा. हिरव्या पाण्याचा पीएच दुपारभर चढत जातो, आणि तोच अमोनिया जास्त पीएचला जास्त विषारी होतो. ३० अंशांना पीएच ७ असताना त्यातला एक टक्काही मारक रूपात नसतो. पीएच ८ ला सुमारे सात टक्के असतो. सकाळी तपासून "ठीक आहे" म्हणणारे इथेच फसतात.

दोन्ही आकडे शून्यावर आले की दोन मासे सोडा, आठ नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा दोन. खाणं दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच.

सावधान: पंप रात्री बंद करू नका. पाणी थांबलं की बंद ड्रममधला प्राणवायू काही तासांत संपतो आणि जिवाणू गुदमरतात. वीज तीन-चार तासांच्या वर गेली असेल तर परत आल्यावर लगेच पंप सुरू करू नका. आधी तळाचे व्हॉल्व्ह उघडून दोन्ही ड्रममधलं कुबट पाणी झाडांना सोडा, मग चालू करा. माशांसाठी बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या.

## टप्पा ९: सफाई

पहिला ड्रम: आठवड्यातून एकदा पंप बंद करा, दहा मिनिटं थांबा, व्हॉल्व्ह एकदम पूर्ण उघडा आणि पाणी काळ्याचं पांढरं होईपर्यंत सोडा. सावकाश उघडला तर गाळ जागेवरच राहतो. हे पाणी कढीपत्त्याला किंवा नारळाला घाला. आमचा कढीपत्ता आता शेजाऱ्यांच्या भिंतीवरून डोकावतो.

स्पंज: बादलीचे सेकंद वाढले की मगच. तळ्याचंच पाणी बादलीत घ्या, त्यात दोनदा दाबून काढा. तो तपकिरीच राहणार, राहू दे.

मीडियाच्या पिशव्या: तीन-चार महिन्यांनी, एका वेळी निम्म्याच, तळ्याच्या पाण्यात नुसत्या हलवून. स्पंज आणि मीडिया एकाच दिवशी कधीही नाही.

## पावसाळा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर जवळजवळ अडीच मीटर पाऊस कोसळतो, म्हणजे तुमच्या तळ्याच्या खोलीच्या तिप्पट. त्यासाठी तळ्याच्या काठाला ओव्हरफ्लो पाइप हवा, त्याच्या तोंडाला जाळी हवी. नाहीतर मासे गटारातून खाडीच्या वाटेला लागतात. तळ्याचा काठ अंगणापेक्षा चार इंच उंच असावा, म्हणजे बागेतली माती, खत आणि औषध वाहत आत येणार नाही.

दुसरी गोष्ट दिसत नाही म्हणून जास्त धोक्याची. जिवाणू काम करताना पाण्यातला क्षार, म्हणजे पीएच टिकवून धरणारा कार्बोनेटचा अंश, खात असतात. आपलं धरणाचं पाणी मुळातच मऊ, त्यात पावसाचं पाणी मिसळलं की तो क्षार संपत येतो आणि पीएच एका रात्रीत घसरतो. जुलैत "कालपर्यंत सगळं छान होतं" अशी जी तक्रार येते, तिच्यामागे बऱ्याचदा हेच असतं. शिंपल्यांची पिशवी यासाठीच, ती हळूहळू विरघळत राहते. पीएच ७ च्या खाली गेलाच तर खाण्याचा सोडा शंभर लिटरला एक सपाट चमचा, साधारण ५ ग्रॅम, बादलीत विरघळवून संध्याकाळी घाला, आणि दुसऱ्या दिवशी मोजल्याशिवाय पुन्हा घालू नका.

## बिघडलं तर

मासे पहाटे वर येऊन श्वास घेतात आणि दहा वाजता ठीक दिसतात: प्राणवायू कमी आहे. रात्रभर शेवाळ आणि झाडंही तो वापरत असतात. हवेचा दगड लावा, खाणं कमी करा.

नायट्राइट चढला आहे: खाणं बंद, क्लोरीन काढलेल्या पाण्याने पाव तळं बदला, आणि हजार लिटरला एक किलो या मापाने खडेमीठ विरघळवून घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. ही मलमपट्टी आहे, कारण शोधावंच लागतं. बहुधा कुणीतरी स्पंज धुतलेला असतो.

पाणी हिरवंगार आहे पण अमोनिया, नायट्राइट शून्य आहेत: फिल्टर ठीक चाललाय, ऊन जास्त होतंय. हे सूक्ष्म शेवाळ स्पंजच्या छिद्रांतून आरपार जातं. निम्म्या तळ्यावर हिरवं शेडनेट बांधा, कुमुदिनीच्या एक-दोन कुंड्या सोडा. परतीचं पाणी तळ्यात पडण्याआधी खडी भरलेल्या टबातून नेलं आणि त्यात कर्दळ, वाळा, अळू लावला, तर त्यांची मुळं नायट्रेट ओढून घेतात. त्या अळूचं फदफदं करायचं असेल तर तळ्यात कधी औषध टाकलं नाही ना, हे आठवून बघा. जलपर्णी घेऊच नका. घेतलीच तर जास्तीची उपटून उन्हात वाळवा, नाल्यात किंवा तलावात टाकू नका.

## गणपतीला गावी जाताना

मोठे, धडधाकट गोल्डफिश आठवडाभर न खाता आरामात राहतात. शेजाऱ्यांना खाण्याचा डबा देऊन जाऊ नका, माया जास्त असते आणि मूठ मोठी. निघायच्या दोन दिवस आधी पहिला ड्रम सोडून घ्या, ओव्हरफ्लोची जाळी साफ करा, आणि निघायच्या दिवशी कशालाही हात लावू नका. तळ्याच्या भिंतीवर, नेहमीच्या पातळीच्या चार इंच खाली, पावसाने जाणार नाही अशी ऑइलपेंटची रेघ मारून ठेवा. शेजाऱ्यांना एवढंच सांगा: "काकू, पाणी या रेघेखाली गेलं तर पंपाचं लाल बटण बंद करा आणि मला फोन करा. बाकी काही करू नका."